आंतरराष्ट्रीय लेखामानकं ठरताना कोणता देश कसा बोलतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मानकं बनवतं कोण, आणि बाहेरच्या माणसाला त्यात बोलायला जागा कुठे आहे?

आयएफआरएस या नावाने ओळखली जाणारी लेखामानकं लंडनमधलं आयएएसबी हे मंडळ बनवतं. 1973 साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, जपान, मेक्सिको, नेदरलँड्स, ब्रिटन-आयर्लंड आणि अमेरिका इथल्या लेखापालांच्या संघटनांनी मिळून एक समिती काढली होती. 2001 मध्ये तिच्या जागी हे मंडळ आलं. आज 140 हून अधिक देश-प्रदेशांत सगळ्या किंवा बहुतेक सूचीबद्ध कंपन्यांना ही मानकं बंधनकारक आहेत. मंडळात 14 सदस्य धरलेले आहेत आणि त्यांतला एकही कुठल्या मतदारसंघातून निवडून आलेला नसतो. ज्यांना कोणी मत दिलं नाही त्यांनी निम्म्याहून जास्त जगाच्या ताळेबंदांचे नियम ठरवावेत, ही गोष्ट खटकणारीच आहे. म्हणून तर सहभागाची एवढी रीतसर व्यवस्था उभी केलेली आहे.

ती व्यवस्था अशी. काही विषयांवर आधी चर्चापत्र निघतं, मग मसुदा. मसुद्यावर अभिप्राय मागवले जातात. आलेलं प्रत्येक पत्र संकेतस्थळावर नावासकट प्रसिद्ध होतं. मंडळ त्यावर जाहीर बैठकांत चर्चा करतं आणि त्या बैठका कोणालाही घरबसल्या पाहता येतात. शिवाय गोलमेज बैठका असतात, प्रत्यक्ष कंपन्यांत मसुद्याची चाचणी होते, सल्लागार गटांची मतं घेतली जातात. कोणत्या विषयांना हात घालायचा यावरही साधारण दर पाच वर्षांनी जगभरातून मतं मागवतात.

मग सगळ्या देशांतून सारखा प्रतिसाद येतो का?

नाही. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी अशा थोड्या देशांचा आवाज पत्रांत वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. आफ्रिकेतली बहुतेक राष्ट्रं, मध्य आशिया, पूर्व युरोपातले छोटे देश क्वचित दिसतात. पत्र लिहिणाऱ्यांमध्येही कंपन्या, बँका, मोठ्या लेखापरीक्षण संस्था आणि देशोदेशीची मानकमंडळं यांचीच गर्दी असते. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं सांगितलं जातं, ते गुंतवणूकदार मात्र फार थोडे लिहितात.

असं का? काही देशांना यात रसच नसतो का?

रस असतो. फरक पडतो तो तीन-चार ठिकाणी.

पहिली गोष्ट पैशाच्या उगमाची. ज्या देशात कंपन्या भांडवल शेअरबाजारातून उभारतात तिथे हिशेब अनोळखी गुंतवणूकदारांसाठी मांडले जातात, आणि हिशेबाच्या नियमांवर जाहीर वाद घालायची तिथे जुनी सवय असते. ज्या देशात पैसा बँकेकडून, घराण्याकडून किंवा सरकारकडून येतो तिथे बँकेला हवी ती माहिती समोर बसून मिळते. जाहीर ताळेबंदाचे नियम हा तिथे कर-अधिकारी आणि कायदेमंडळ यांचा प्रांत मानला जातो. अशा देशातल्या वित्तप्रमुखाला लंडनमधल्या एका खासगी मंडळाला पत्र पाठवणं मुळात विचित्र वाटतं. नियम सरकार करतं, मग बोलायचं ते सरकारशी.

दुसरी गोष्ट खर्चाची. एखाद्या मसुद्यावर धड अभिप्राय द्यायचा तर शंभर-दीडशे पानांचा मजकूर, त्यामागची कारणमीमांसा, आधीच्या मानकांशी असलेलं नातं हे सगळं जाणणारी माणसं लागतात. मोठ्या बँकेकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. मध्यम कंपनीकडे एक मुख्य लेखापाल असतो आणि त्याच्यापुढे वर्षअखेर उभी असते. एकट्याच्या पत्राने निकाल फिरण्याची शक्यताही थोडी, त्यामुळे हा हिशेब बहुतेकांच्या बाबतीत ‘राहू दे’ इथेच संपतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: देशात पत्र लिहिणारी संस्था आहे का? जर्मनीत लेखांकनाचे नियम पिढ्यान्‌पिढ्या कायद्यातून येत होते. खासगी मानकमंडळ तिथे 1998 मध्ये स्थापन झालं. जपानमध्ये तसं मंडळ 2001 मध्ये आलं. त्यानंतर हे दोन्ही देश आंतरराष्ट्रीय चर्चेत नेमाने दिसू लागले. लिहिणं हे ज्याचं काम आहे असं कोणीतरी मिळालं, एवढाच बदल.

पण हे राष्ट्रीय स्वभावाचं नाही का? काही समाज मोकळे, काही अबोल?

या विषयावर बरंच संशोधन झालं आहे आणि त्याचा मोठा भाग एकाच झऱ्यावर पोसलेला आहे. गिर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने 1960-70 च्या दशकांत आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची मतं गोळा करून संस्कृती मोजण्याचे निकष काढले: सत्तेतलं अंतर किती मान्य आहे, अनिश्चितता किती सोसते, व्यक्ती मोठी की समूह, वगैरे. 1988 मध्ये सिडनी ग्रे यांनी ते लेखांकनाला लावले. काही देशांत गुप्ततेकडे कल असतो तर काहींत पारदर्शकतेकडे, काहींत कायद्याच्या नियंत्रणाकडे तर काहींत व्यावसायिकांच्या निर्णयाकडे, अशी त्यांची मांडणी. यावरून पुढे असा तर्क निघतो की जिथे वरिष्ठांपुढे बोलणं अवघड मानतात तिथून जाहीर विरोधाची पत्रं कमी येणार.

तर्क टाकाऊ नाही, पण मी त्यावर फार भार टाकणार नाही. एका कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव काढणं हाच मोठ्या उडीचा प्रकार आहे. आणि जर्मनी-जपानचं वर सांगितलेलं उदाहरण घ्या: दहा वर्षांत राष्ट्राचा स्वभाव बदलत नाही, संस्था मात्र उभी राहते. संस्कृतीचा प्रभाव मला संख्येपेक्षा पत्रांच्या सुरात जास्त दिसतो. कुठलं पत्र पहिल्याच वाक्यात ‘आम्ही सहमत नाही’ म्हणतं. कुठलं चार परिच्छेद स्वागत करून पाचव्यात ‘काही अडचणी संभवतात’ एवढंच सांगतं. दुसऱ्या पत्रातला नकारही तितकाच ठाम असू शकतो, पण पत्रांची ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ अशी वर्गवारी करताना तो हरवतो.

इंग्रजीचा अडसर किती?

मोठा. मसुदे इंग्रजीत लिहिले जातात, बैठका इंग्रजीत होतात, पत्रंही जवळजवळ सगळी इंग्रजीत असतात. अनुवाद होतात, पण मुख्यतः तयार मानकांचे, म्हणजे बोलायची वेळ टळून गेल्यावर. लहान-मध्यम उद्योगांच्या मानकाच्या वेळी वेगळा प्रयत्न झाला. 2007 चा तो मसुदा पाच भाषांत अनुवादित केला आणि 20 देशांतल्या 116 छोट्या कंपन्यांत त्याची चाचणी घेतली. अभिप्रायपत्रं आली 162. मला त्यात 116 हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. ज्या कंपनीने आयुष्यात लंडनला पत्र लिहिलं नसतं, तिचे खरे हिशेब नव्या नियमांनी मांडून पाहिले गेले.

एखाद्या देशातून पत्रं आली नाहीत, म्हणजे त्याचं काही म्हणणं नव्हतं असं धरायचं का?

मुळीच नाही, आणि नेमकी इथेच पत्रं मोजणाऱ्यांची फसगत होते. फ्रान्सचं उदाहरण पाहा. कर्जं, रोखे अशा वित्तीय साधनांच्या आयएएस 39 या मानकाला (जुन्या समितीच्या काळातली मानकं अजून आयएएस या नावाने ओळखतात) तिथल्या बँकांचा कडवा विरोध होता. मागणीठेवींवर, म्हणजे ग्राहक केव्हाही काढू शकेल अशा ठेवींवर, आधारलेल्या त्यांच्या व्याजदर-जोखमीच्या व्यवस्थापनाला हे मानक बसत नव्हतं आणि वाजवी मूल्यामुळे, म्हणजे दरवेळी चालू बाजारभावाने किंमत धरल्यामुळे, नफा वरखाली होईल अशी भीती होती. जुलै 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी थेट युरोपीय आयोगाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांना पत्र लिहिलं. 2005 पासून युरोपीय संघातल्या सूचीबद्ध कंपन्यांना आयएफआरएस लागू व्हायचं होतं. नोव्हेंबर 2004 मध्ये आयोगाने आयएएस 39 स्वीकारलं, पण काही तरतुदी कापून. शेकडो अभिप्रायपत्रांना जे जमलं नसतं ते एका राजकीय पत्राने जमवलं, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात त्या पत्रामागे बँकांचा पूर्ण दबाव होता.

ऑक्टोबर 2008 तर त्याहून ठळक. आर्थिक संकटाच्या ऐन भरात युरोपीय बँकांना काही मालमत्ता वाजवी मूल्याच्या कप्प्यातून बाहेर काढायच्या होत्या. युरोपातून पुन्हा तरतुदी कापण्याची धमकी आली आणि 13 ऑक्टोबरला मंडळाने कुठलाही मसुदा न काढता, कोणालाही न विचारता दुरुस्ती करून टाकली, तीही 1 जुलैपासून मागे लागू होईल अशी. ज्या देशांकडे असं दार ठोठावण्याची ताकद नाही त्यांच्यासाठी अभिप्रायपत्र हाच एक रस्ता उरतो, आणि त्याच रस्त्यावर ते कमी दिसतात. मानक तयार झाल्यावर ते स्वीकारायचं की नाही हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याचा अभिप्राय मुदत संपल्यावरही ऐकला जातो. युरोपीय संघाने 2021 मध्ये विमा करारांच्या आयएफआरएस 17 मधल्याही एका अटीतून आपल्या कंपन्यांना सूट दिली आहे: करारांचे गट वर्षावार वेगळे ठेवण्याची अट.

छोट्या किंवा उदयोन्मुख देशाच्या म्हणण्यावरून मानक बदललंय असं कधी झालं आहे?

झालं आहे, आणि त्यात मलेशियाची गोष्ट सगळ्यांत चांगली. शेतीविषयक आयएएस 41 नुसार सजीव झाडं दरवर्षी वाजवी मूल्याने दाखवावी लागत. तेलताड किंवा रबराचं झाड पंचवीसेक वर्षं उत्पन्न देतं. ते कोणी उभं विकत नाही, त्याला स्वतंत्र बाजारभाव नसतो. तरीही दरवर्षी भविष्यातल्या उत्पन्नाचे अंदाज बांधून त्याची किंमत काढायची आणि त्यातली चढउतार नफ्या-तोट्यात दाखवायची. बागायत कंपन्यांचं म्हणणं साधं होतं: हे झाड आमच्यासाठी यंत्रासारखं आहे, फळ हा माल.

मलेशियाच्या मानकमंडळाने हा मुद्दा नुसत्या तक्रारीच्या पत्रात मांडला नाही. आशिया-ओशनियातल्या मानकमंडळांचा गट 2009 मध्ये स्थापन झाला होता. त्यातलं शेतीविषयक काम मलेशियाने अंगावर घेतलं आणि अभ्यास करून प्रस्ताव तयार केला. दुसरीकडे आपल्या बागायत कंपन्यांना नवी मानकं लागू करणं देशाने लांबणीवर टाकलं. 2013 मध्ये मसुदा आला, जून 2014 मध्ये दुरुस्ती झाली. तेलताड, रबर, चहाची झुडपं, द्राक्षवेली यांना आता यंत्रसामग्रीसारखं धरून घसारा लावता येतो. झाडावर लगडलेलं पीक मात्र अजूनही वाजवी मूल्यानेच दाखवायचं असतं. अभ्यास, शेजाऱ्यांची साथ आणि ‘तोवर थांबतो’ म्हणण्याची तयारी, हे तिन्ही असल्याशिवाय हा बदल झाला असता असं मला वाटत नाही.

चीनची अडचण निराळी होती. संबंधित पक्षांशी, म्हणजे एकाच नियंत्रणाखालच्या कंपन्या वगैरेंशी, झालेले व्यवहार उघड करा, असं आयएएस 24 सांगतं. जिथे हजारो कंपन्यांचं नियंत्रण एकाच सरकारकडे आहे तिथे जवळपास प्रत्येक खरेदी-विक्री संबंधित पक्षाशीच ठरते. नोव्हेंबर 2009 मधल्या दुरुस्तीने अशा कंपन्यांना सरसकट तपशिलाऐवजी महत्त्वाच्या व्यवहारांपुरतं सांगण्याची मुभा मिळाली. व्हेनेझुएलात चलन अधिकृत दराने मिळेनासं झालं, तेव्हा परदेशी कंपन्यांनी तिथले आकडे कुठल्या दराने बदलायचे हा प्रश्न मानकांचा अर्थ लावून देणाऱ्या मंडळाच्या अर्थविवेचन समितीपुढे आला. त्यातून निघालेली दुरुस्ती ऑगस्ट 2023 मध्ये आली. संकट टिपेला असताना ज्यांना उत्तर हवं होतं, त्यांच्या ते फारसं कामी आलं नाही हे उघड आहे.

मोठ्या देशांचं नेहमी ऐकतात का?

नाही. कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या मूल्याहून जास्त मोजलेली रक्कम, म्हणजे गुडविल, ठरावीक वर्षांत हळूहळू खर्ची टाकावी, असा जपानचा आग्रह वीसेक वर्षं आहे. आयएफआरएसमध्ये ती तशी खर्ची पडत नाही, फक्त मूल्य घटलंय का हे तपासतात. जपानने मतं लिहिली, अभ्यास सादर केले, 2015 मध्ये गुडविल खर्ची टाकणारी आयएफआरएसची स्वतःची सुधारित आवृत्तीही काढली. 2020 मध्ये मंडळाने चर्चापत्र काढून प्रश्न पुन्हा विचारला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये आहे तेच ठेवायचं ठरवलं.

अमेरिकी कंपन्या आयएफआरएस वापरत नाहीत. मग तिथून एवढी पत्रं का?

अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या परदेशी कंपन्यांना 2007 च्या निर्णयानंतर आयएफआरएसचे हिशेब चालतात. त्याशिवाय 2002 च्या नॉर्वॉक करारापासून बरीच वर्षं आयएएसबी आणि अमेरिकेचं स्वतःचं मानकमंडळ महसूल, भाडेपट्टा असे विषय एकत्र हाताळत होती. 2010 मध्ये महसुलाच्या संयुक्त मसुद्यावर जवळपास हजार पत्रं आली, ती याचमुळे. तिथली पत्रं लिहिण्याची सवयही जुनी आहे. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर-पर्यायांचा, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काचा, खर्च दाखवावा, हा प्रस्ताव 2004 मध्ये अमेरिकी मंडळाने मांडला तेव्हा 14,000 हून अधिक पत्रं आली होती. त्यांतली ढिगाने एकाच नमुन्यावरून उतरवलेली होती.

म्हणजे ज्याची पत्रं जास्त त्याचा जय?

मंडळ मतं मोजत नाही, युक्तिवाद तोलतं, असं त्याचं अधिकृत म्हणणं आहे आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. एकाच मजकुराची पाचशे पत्रं हा एकच युक्तिवाद. भाडेपट्ट्याच्या 2010 च्या मसुद्यावर शेकडो पत्रं आली, मोठा भाग विरोधाचा. तपशील बदलले, 2013 मध्ये दुसरा मसुदा काढावा लागला, पण भाडेपट्टा ताळेबंदात आणायचाच हे मूळ सूत्र 2016 च्या आयएफआरएस 16 मध्ये टिकलं. तरी एक गोष्ट उरते. जो युक्तिवाद कोणी मांडलाच नाही, तो तोलणार कसा?

प्रादेशिक गटांमुळे छोट्या देशांचा आवाज वाढतो की दबतो?

दोन्ही होतं. आशिया-ओशनियाप्रमाणे लॅटिन अमेरिकेतल्या मानकमंडळांचा आणि आफ्रिकेतल्या लेखापाल संघटनांचा गट 2011 मध्ये उभा राहिला. युरोपात एफ्रॅग ही लेखामानकांवर सल्ला देणारी संस्था 2001 पासून आहे. 2013 मध्ये आयएएसबीने देशोदेशीच्या मानकमंडळांसाठी 12 जणांचं सल्लागार व्यासपीठ काढलं. एकट्याला न परवडणारं काम गटात होतं. पण दहा देशांचं मिळून एक पत्र लिहायचं तर सगळ्यांना चालेल असाच मजकूर उरतो आणि एखाद्या देशाची खास अडचण तळटीपेत जाते. शिवाय युरोपातली मध्यम कंपनी आपलं म्हणणं एफ्रॅगच्या कच्च्या मसुद्यावर मांडून मोकळी होते. लंडनच्या यादीत तिचं नाव येत नाही. पत्रांचे देशनिहाय तक्ते वाचताना हे लक्षात ठेवावं.

अभिप्रायाला मुदत किती मिळते?

मसुद्याला साधारण 120 दिवस. निकडीच्या वेळी ती कमी करता येते. कोविडकाळात भाडेसवलतींच्या दुरुस्तीला 24 एप्रिल ते 8 मे 2020, म्हणजे फक्त 14 दिवस होते. 120 दिवसही वाटतात तेवढे नसतात. अनुवाद, देशांतर्गत सल्लामसलत आणि मंजुरीच्या सह्या धरल्या तर इंग्रजीबाहेरच्या देशाच्या हाती जेमतेम महिनाभर राहतो.

भारत यात कुठे बसतो?

भारताने आयएफआरएस जसंच्या तसं घेतलेलं नाही. त्यावर बेतलेली इंड-एएस मानकं सरकार कंपनी कायद्याखाली अधिसूचित करतं. 1 एप्रिल 2016 पासून 500 कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांपासून त्यांची सुरुवात झाली. आयएएसबीचा मसुदा निघाला की सनदी लेखापालांची संस्था आयसीएआय तो देशात प्रसृत करते, मतं गोळा करते आणि आपलं पत्र पाठवते. त्यामुळे कंपन्यांची मतं बहुधा संस्थेच्या पत्रातून जातात, स्वतंत्र पत्रं कमी.

आणि न पटलेलं बाजूला ठेवण्याचा मार्ग भारताकडेही आहे. परकीय चलनात काढलेल्या परिवर्तनीय, म्हणजे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या, रोख्यांचं रूपांतर ठरलेल्या किमतीला होणार असेल, तर रूपांतराचा तो पर्याय इंड-एएस 32 मध्ये भागभांडवल धरतात. मूळ आयएएस 32 मध्ये तसं धरत नाहीत. हा मार्ग हाताशी असला की लंडनमध्ये शेवटपर्यंत भांडण्याची निकड कमी होते. माझ्या मते यात नुकसान आहे, कारण देशापुरती सोय झाली तरी मूळ मानक तसंच राहतं.

मंडळावर कोणत्या प्रदेशाचे किती लोक असतात?

14 जागांपैकी आशिया-ओशनिया, युरोप आणि अमेरिका खंड यांना चार-चार, आफ्रिकेला एक आणि एक कोणत्याही प्रदेशातून. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत.

शाश्वततेच्या नव्या मानकांत चित्र बदललं का?

प्रतिसादाचं आकारमान नक्कीच बदललं. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत घोषित झालेल्या आयएसएसबीने, म्हणजे कंपन्यांच्या हवामान व शाश्वततेविषयीच्या माहितीची मानकं बनवणाऱ्या मंडळाने, मार्च 2022 मध्ये पहिले दोन मसुदे काढले आणि त्यांवर 1,400 हून अधिक अभिप्राय आले. लेखांकनाशी संबंध नसलेल्या पर्यावरण संस्था, निवृत्तिवेतन निधी, विद्यापीठं अशी मंडळीही लिहिती झाली. अंतिम मानकं जून 2023 मध्ये आली.

मला स्वतःला अभिप्राय पाठवायचा असेल तर?

कोणीही पाठवू शकतं. पद, पदवी, देश यांची अट नाही. मसुद्यात क्रमवार प्रश्न दिलेले असतात. सगळ्यांची उत्तरं देण्याची गरज नाही. ज्या एका-दोन प्रश्नांबद्दल तुमच्याकडे प्रत्यक्ष अनुभव आहे तेवढेच घ्या. ‘आमच्या देशात हे व्यवहार्य नाही’ या वाक्याचा उपयोग शून्य. करार कसा असतो, पैसे कधी येतात, प्रस्तावित नियमाने नोंद काय पडेल आणि ती दिशाभूल करणारी का, हे आकड्यांसकट एका पानात दाखवलंत तर मंडळाच्या कर्मचारीवर्गाच्या टिपणात ते जाण्याची शक्यता वाढते. इंग्रजी साधी असली तरी चालते. पत्र जाहीर होणार हे धरून ग्राहकाचं नाव किंवा गोपनीय आकडे त्यात घालू नका. देशातल्या मानकमंडळालाही तेच पत्र पाठवा, त्यांची अंतर्गत मुदत लंडनच्या बरीच आधी संपते. मानक प्रसिद्ध झाल्यावर त्यासोबत निष्कर्षांची कारणमीमांसा येते. तुमचा मुद्दा का घेतला किंवा का नाकारला ते बहुधा तिथे सापडतं, फक्त तुमच्या नावाशिवाय.